प्रॅक्टिस सांभाळून मनोविश्लेषण शिकताना

प्रश्न : मी थेरपिस्ट आहे, बरीच वर्षं सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) करते. मनोविश्लेषणाच्या अभ्यासगटात आले तर आधीचं सगळं मोडीत काढावं लागेल का?

उत्तर : मुळीच नाही. हाताशी असलेलं कौशल्य राहतंच. भर पडते ती तुमच्यात आणि क्लायंटमध्ये त्या खोलीत काय घडतंय, ते ऐकण्याची.

प्रश्न : गटात सेशन मांडायचं असतं. मग सेशन चालू असतानाच टिपणं काढू का?

उत्तर : नको. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1912 सालीच हे सांगून ठेवलंय : टिपून घ्यायला लागलात की निवड सुरू होते आणि मोकळं, सगळीकडे सारखं फिरणारं लक्ष हरवतं. सेशन संपलं की आठवेल तसं, त्याच क्रमाने लिहा. स्वतःची वाक्यं गाळू नका. खरं शिक्षण तिथेच असतं. समजा, क्लायंट म्हणाली, "पुढच्या आठवड्यात तुम्ही नाही ना? बरंच झालं, मलाही कामं आहेत." आणि तुम्ही विचारलंत, "कामाचं कसं चाललंय?" वाचताना साधं वाटतं. गट मात्र विचारेल : सुट्टीचा विषय कोणी टाळला? तिने हळूच दार किलकिलं केलं होतं, तुम्ही ते लावून घेतलंत. पुस्तकं वाचून हे दिसत नाही, म्हणून मी सुपरव्हिजनला, म्हणजे आपल्या केसेस अनुभवी थेरपिस्टसमोर मांडून शिकण्याला, वाचनाच्या वर ठेवतो. ओळख पटेल असे तपशील बदला आणि मांडण्याआधी क्लायंटची संमती घ्या.

प्रश्न : एका क्लायंटसमोर मला हमखास झोप येते. माझंच चुकतंय का?

उत्तर : आधी पुरेशी झोप होते का ते बघा. होत असेल, आणि याच एका माणसासमोर असं होत असेल, तर ती झोपही काही सांगत असेल. थेरपिस्टच्या मनात उठणाऱ्या भावना हे क्लायंटला समजून घेण्याचं साधन आहे, असं मनोविश्लेषक पॉला हायमन यांनी 1950 मध्ये मांडलं. पण त्याचा सोयीस्कर अर्थ काढू नका. आपला प्रत्येक कंटाळा क्लायंटच्या माथी मारणं हा अन्याय आहे. आपलं काय आणि त्याचं काय, हे निवडायला स्वतःची थेरपी हवीच.

प्रश्न : असा कोर्स केल्यावर स्वतःला मनोविश्लेषक म्हणवून घेता येईल?

उत्तर : नाही. ते प्रशिक्षण वेगळं. त्याला स्वतःचं विश्लेषण, सुपरव्हिजनखालच्या केसेस आणि सेमिनार, तिन्ही लागतं. 1920 च्या दशकात बर्लिनमध्ये ही घडी बसली. तिलाच आयटिंगन पद्धत म्हणतात. आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेत या पद्धतीनुसार 2017 पासून विश्लेषणाची आठवड्याला 3 ते 5 सेशन चालतात. त्याआधी 4 ते 5 लागत. तुमच्या आठवड्यातून एकदा येणाऱ्या क्लायंटसाठी मात्र अभ्यासगट आणि नियमित सुपरव्हिजन यांतून भरपूर मिळतं.