फॉरमॅट नको, आधी मागचा पोर्ट

तुमची अडचण मला कळली ती अशी: एक टीबीची पोर्टेबल हार्ड ड्राइव्ह, तीन-चार वर्षं लॅपटॉपवर वापरलेली, त्यात घरचे सगळे फोटो. आता डेस्कटॉप घेतला आणि त्याच्या पुढच्या पोर्टला ती लावली, तर दिवा लागतो, बारीक टिकटिक ऐकू येते, पण 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्ह दिसत नाही. एकदाच दिसली, तेव्हा विंडोजने ती आधी फॉरमॅट करायला (म्हणजे पुसून नव्याने मांडायला) सांगितलं. करू का, असं तुम्ही विचारताय.

नका करू. ती खिडकी 'कॅन्सल' करा, ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा आणि मग पुढचं वाचा. फोटो बहुतेक जागच्या जागीच आहेत. डिस्कवरची मांडणी विंडोजला त्या क्षणी वाचता आली नाही, एवढाच त्या खिडकीचा अर्थ. अशाच एका खिडकीला मी पूर्वी एकदा 'ओके' म्हटलं होतं. क्विक फॉरमॅट काही सेकंदांत झालं आणि ते निस्तरायला मला तीन आठवडे लागले. फोटो बरेचसे परत मिळाले, पण फायलींची नावं गेली, फोल्डर गेले, हजारो फोटो नुसते आकड्यांच्या नावाने एका ढिगात पडले. मोठे व्हिडिओ तर अर्धवटच आले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

मला पहिला संशय विजेचा आहे. अशा अडीच इंची पोर्टेबल ड्राइव्हला वेगळा अ‍ॅडॉप्टर नसतो, ती सगळी वीज यूएसबी पोर्टमधूनच घेते. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९०० मिलिअँपिअर. आतली तबकडी थांबलेल्या स्थितीतून वेग घेते तेव्हा तिला नंतरच्यापेक्षा बराच जास्त प्रवाह लागतो, आणि नेमकी तिथेच गाडी अडते. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट आतून एका वायरने मदरबोर्डला, म्हणजे मुख्य सर्किटला, जोडलेले असतात. त्या वायरीत आणि तिच्या जोडात थोडं व्होल्टेज पडतं. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवरच बसवलेले असतात, म्हणून ड्राइव्ह मागेच लावायची, शक्यतो ३.० च्या पोर्टला. तो बहुधा आतून निळा असतो. मध्ये हब नको, एक्स्टेन्शन केबल नको. दिवा लागतो यावर विसंबू नका, त्याला अगदी थोडी वीज पुरते.

मागे लावलीत की ड्राइव्ह टेबलावर सपाट ठेवून तिच्यावर बोटं हलकेच टेकवा. सुस्थितीतली ड्राइव्ह असेल तर आधी सूं असा आवाज चढत जातो, बोटांना बारीक थरथर लागते, एक-दोनदा खुट् होतं आणि मग ती एका सुरात फिरत राहते. वीज अपुरी असेल तर सूं थोडा चढतो, टक् होतं, थरथर विरते, पुन्हा सूं, पुन्हा टक्. दोन्हींतला फरक एकदा बोटांना कळला की विसरत नाही. मागच्या पोर्टला, चांगल्या केबलने लावूनही ही टकटक चालूच राहिली, तर मात्र आतल्या हेडचा (तबकडीवरचा डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाचा) बिघाड असू शकतो. मग पुन्हा पुन्हा लावून बघू नका, दर खेपेला तबकडीला इजा होण्याची भीती असते. ती ड्राइव्ह डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्यांकडेच द्यायची.

आता केबल. बऱ्याच पोर्टेबल ड्राइव्हना रुंद, दोन भागांचं मायक्रो-बी सॉकेट असतं. त्यातल्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलची चार्जिंगची पिन अगदी बरोबर बसते, म्हणून मूळ केबल हरवली की लोक तीच लावतात. ती लावली की वेग २.० चा होतो, आणि काही चार्जिंग केबलींत डेटाच्या तारा नसतातच: दिवा लागतो, संगणकाला मात्र काहीच कळत नाही. ड्राइव्हबरोबर मिळालेली केबल आखूड असते त्यालाही कारण आहे, लांबी वाढली की व्होल्टेज पडतं. दुसरी घ्यायची वेळ आली तर तेवढीच आखूड घ्या. सॉकेटमध्ये पिन डुगडुगते का तेही बघा. हलली की संपर्क तुटतो.

एवढं करून ड्राइव्ह आपोआप दिसली तर उत्तमच. नाही दिसली तर विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा आणि 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. इथे फक्त बघायचं आहे. काही विचारलं तर 'कॅन्सल'. खालच्या भागात सुमारे ९३१ जीबीची डिस्क शोधा. एक टीबी तिथे तेवढीच दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. जागा कुठे गेलेली नाही.

डिस्कवर एनटीएफएस किंवा एक्सफॅट (या फाइल सिस्टीम, म्हणजे फायली मांडायच्या पद्धती) लिहिलंय पण शेजारी 'डी:', 'ई:' असं अक्षर नाही, असं दिसलं तर निर्धास्त व्हा. राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' मधून एखादं मोकळं अक्षर द्या. आतल्या फायलींना धक्काही लागत नाही. 'रॉ' दिसलं तर फाइल सिस्टीम वाचता येत नाहीये, तेव्हाही फॉरमॅट नको. 'नॉट इनिशिअलाइज्ड' किंवा 'अनअ‍ॅलोकेटेड' दिसलं तर इनिशिअलाइझ करू नका, नवीन व्हॉल्यूमही बनवू नका. कोऱ्या डिस्कसाठी तसं करायचा सल्ला बरोबर आहे, तुमची कोरी नाही. आणि यादीत डिस्क मुळीच नसेल तर पुन्हा केबल आणि पोर्टकडे वळा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: जुना लॅपटॉप विंडोजचा होता की मॅक? मॅकवर तयार केलेली डिस्क एपीएफएस किंवा एचएफएस प्लस या पद्धतीची असू शकते. विंडोजला त्या मुळात वाचता येत नाहीत, म्हणून पूर्ण निरोगी डिस्क लावली तरी ते फॉरमॅटचाच आग्रह धरतं. तसं असेल तर ड्राइव्ह मॅकला लावा आणि फोटो एक्सफॅट केलेल्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. एक्सफॅट दोन्हीकडे वाचता-लिहिता येतं. एनटीएफएस मॅकवर वाचता येतं, पण त्यावर लिहिता येत नाही.

लॅपटॉप अजून चालू असेल तर मॅक असो वा विंडोज, ड्राइव्ह आधी त्यालाच लावून बघा. तिथे फोटो उघडले तर डिस्क ठीक आहे आणि दोष डेस्कटॉपच्या बाजूला आहे, हे दोन मिनिटांत कळेल.

'चेक डिस्क' (विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम) चालवा असं कुणीतरी सुचवेलच. फोटोंची दुसरी प्रत होईपर्यंत चालवू नका. ते मांडणी दुरुस्त करायला बघतं आणि त्या नादात जे जुळत नाही ते तोडून टाकू शकतं. ड्राइव्हची तब्येत बघायची असेल तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्राम बरा. तो फक्त वाचतो. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' किंवा 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स काउंट' (डिस्कवरच्या संशयास्पद आणि खराब जागांची मोजणी) पिवळं दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी फोटो कॉपी करा.

ड्राइव्ह दिसली की पहिलं काम कॉपीचंच. 'कट' नको, 'कॉपी'च, म्हणजे मध्येच संपर्क तुटला तरी मूळ फायली शाबूत राहतात. सगळ्यात जिवाभावाचे फोल्डर आधी घ्या. ५०० जीबी असतील तर २.० च्या पोर्टवर सुमारे चार तास धरा, ३.० वर साधारण सव्वा ते दीड तास. लहान लहान फायली खूप असतील तर आणखी वेळ जाईल. तेवढा वेळ ड्राइव्ह हलवू नका, उभी करू नका, केबल ओढली जाईल अशी ठेवू नका. फिरत्या तबकडीपासून हेड नॅनोमीटरच्या हिशोबात वर असतं.

आणि ड्राइव्हचं कव्हर उघडून आतली डिस्क थेट कॅबिनेटमध्ये जोडायचा विचारही मनातून काढा. काही पोर्टेबल ड्राइव्हमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या सर्किटवरच असतं, कॅबिनेटमध्ये डिस्क जोडायची साटा जोडणी नसतेच. काहींत डेटा त्या सर्किटमधून एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे सांकेतिक रूपात, जातो, त्यामुळे डिस्क वेगळी केली की वाचताच येत नाही.

काढताना टास्कबारवरून 'इजेक्ट' करा, बोटांखालची थरथर पूर्ण थांबू द्या, मगच केबल काढून ड्राइव्ह उचला.

आज मागच्या पोर्टला लावून बघा. बोटांना काय जाणवलं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये नेमके कोणते शब्द दिसले आणि लॅपटॉप कोणता होता, एवढं कळवा. पुढचं पाऊल त्यावरून सांगतो.