वॉरंटीचं भांडण वेगळं, ट्रेलर ठेवायचा की नाही हे वेगळं

प्रश्न : अडीच वर्षांपूर्वी आम्ही नवा ऑफ-रोड ट्रेलर घेतला, म्हणजे गाडीमागे जोडून कच्च्या रस्त्यावरही नेता येणारं, झोपायची सोय असलेलं फिरतं घर. 30 टक्के रक्कम साठवणीतून दिली, उरलेल्याचं सात वर्षांचं कर्ज काढलं, व्याज 9 टक्के. पहिल्याच मोठ्या पावसात मागच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी आत आलं. डीलरने दोनदा सीलंट भरून दिलं. आता भिंतीतलं प्लायवूड कुजलंय आणि खाली चासीच्या (ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याच्या) एका वेल्डला तडा गेलाय. भिंत आणि चासीवर पाच वर्षांची वॉरंटी आहे, पण कंपनी म्हणते, खडतर रस्त्यावर वापरल्यामुळे झालं, आमची जबाबदारी नाही. अडीच वर्षांतले सात महिने ट्रेलर वर्कशॉपमध्येच उभा होता. पत्नी म्हणते, विकून मोकळे होऊ. मला वाटतं, कंपनीने दुरुस्त करून दिला तर ठेवावा, नाहीतर विकावा. दोन वर्षांनी मी निवृत्त होणार आहे, तेव्हा मनसोक्त फिरायचं होतं. काय करावं?

उत्तर : तुम्ही सोबत जोडलेला हिशेब नीटनेटका आहे, त्याबद्दल आधी धन्यवाद. बहुतेक पत्रांत फक्त संताप असतो, आकडे मागून घ्यावे लागतात. रकमा इथे छापत नाही. ट्रेलरची खरेदी किंमत 100 धरतो आणि बाकी सगळं त्याच मापात मांडतो.

म्हणजे 30 तुम्ही दिले, 70 कर्ज. महिन्याचा हप्ता साधारण 1.13. तीस हप्ते भरून झाले, म्हणजे जवळपास 34 गेले, पण त्यातले 14 व्याजातच गेले आणि मुद्दल फक्त 20 ने उतरलं. आज कर्ज आहे 50. विमा, नोंदणी, उभा करायची जागा, टायर-बेअरिंगची देखभाल मिळून वर्षाला 7. ट्रेलर आहे तसा घ्यायला एक डीलर 48 द्यायला तयार आहे. याच वयाचे धडधाकट ट्रेलर जाहिरातीत 66 ला दिसतात असं तुम्ही लिहिलंय. मागितलेली किंमत हातात पडत नाही, म्हणून मी 62 धरतो. बाहेरच्या वर्कशॉपचा दुरुस्तीचा अंदाज 14.

आणि झोपलात किती रात्री? 41. किमतीतली घट 52, व्याज 14, वरखर्च साडेसतरा, असे मिळून 83 च्या वर झाले. एका रात्रीला ट्रेलरच्या किमतीचे दोन टक्के पडले. हा आकडा मी तुम्हाला टोचायला लिहिलेला नाही, कारण तो आता कुठल्याच निर्णयाने बदलणार नाही. तो एकदा बघायचा आणि बाजूला ठेवायचा. तुमच्या पत्रात ‘इतके पैसे घातलेत’ हे तीन वेळा आलंय. ते पैसे ट्रेलर ठेवल्यानेही परत येत नाहीत आणि विकल्यानेही जात नाहीत. ते गेलेलेच आहेत.

आता मुद्द्याचं. ‘कंपनीने दुरुस्त करून दिला तर ठेवू, नाहीतर विकू’ हे वाक्य ऐकायला अगदी समंजस वाटतं, पण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. ते सोडवून बघू.

समजा कंपनी हटली आणि सगळी दुरुस्ती फुकट झाली. तुमच्या दारात 62 किमतीचा ट्रेलर उभा आहे. दोन वर्षं ठेवलात, तर तो 50 ला जाईल असा माझा अंदाज. घट झाली 12. या दोन वर्षांतलं कर्जाचं व्याज 7 च्या थोडं वर. वरखर्च 14. एकूण 33.

आता समजा कंपनीने दमडीही दिली नाही. आज तो 48 चा आहे, तुम्ही 14 घालून दुरुस्त केलात, म्हणजे तुमचे 62 त्यात अडकले. दोन वर्षांनी तो 50 चाच. घट 12, व्याज 7, वरखर्च 14. एकूण पुन्हा 33.

दोन्हीकडे तोच आकडा. दुरुस्ती कोणी केली यावरून तुम्ही 14 ने श्रीमंत किंवा गरीब व्हाल हे खरं, पण ट्रेलर ठेवण्याची किंमत तसूभरही बदलत नाही. कंपनीने दुरुस्त करून दिलेला ट्रेलर तुम्ही ठेवता, तेव्हा 62 ला विकण्याची संधीही सोडून देता, हे लक्षातच येत नाही. फुकट मिळालेली दुरुस्ती ही ठेवण्याची परवानगी नव्हे.

म्हणून ठेवायचं की नाही हा प्रश्न वॉरंटीला विचारूच नका, तुमच्या कॅलेंडरला विचारा. तुम्हाला आवडलेला तशाच जातीचा ट्रेलर भाड्याने रात्रीला 0.3 ला मिळतो, असं तुम्हीच लिहिलंय. 33 ला 0.3 ने भागलं तर 110 येतात. म्हणजे पुढच्या दोन वर्षांत 110 रात्री, वर्षाला 55, बाहेर काढणार असाल तरच मालकी भाड्यापेक्षा स्वस्त. आजवरचा वेग वर्षाला 16 आहे. वर्कशॉपमधले सात महिने वजा केले तरी तो वर्षाला 21 च्या आसपास जातो. तुम्ही नोकरीत आहात, पत्नीही. 55 रात्री कुठून काढणार?

मालकीला पैशांपलीकडचं मोल आहे, हे मी नाकारत नाही. शुक्रवारी संध्याकाळी मनात आलं की जोडला आणि निघाला, अंथरूण आपलं, भांडी आपली. पण गेल्या अडीच वर्षांत हे सुख तुम्हाला किती वेळा मिळालं हे तुम्हीच सांगितलंत. निघायच्या आदल्या रात्री टॉर्च घेऊन कोपऱ्यातली ओल तपासत बसणं याला मोकळेपण म्हणत नाहीत.

निवृत्तीनंतरचं फिरणं मात्र खरं कारण आहे, आणि तिथे माझा विरोध नाही. सलग सहा महिने रस्त्यावर राहणार असाल, तर भाड्याचं गणित कोसळतं आणि मालकीच बरी पडते. पण तो ट्रेलर दोन वर्षांनी घ्या. चार-पाच वर्षं जुना घ्या, ज्याची पहिली मोठी घट दुसऱ्या कुणीतरी सोसलेली आहे. दोन वर्षांनी लागणारी वस्तू आजपासून 33 मोजून सांभाळण्यात मला अर्थ दिसत नाही, आणि तीही एकदा कुजलेल्या भिंतीची. शिवाय 14 हा अंदाज भिंत उघडण्यापूर्वीचा आहे. आतली ओल बाहेरून जेवढी दिसते तेवढीच असेल असं नाही. भिंत उघडल्यावर तो 20 झाला तर मला नवल वाटणार नाही, आणि तेव्हा वरचा 33 सुद्धा 39 होईल.

तेव्हा विका. या बाबतीत माझं मत तुमच्या पत्नीच्या बाजूने आहे.

पण उद्याच नको. दुसरा प्रश्न, म्हणजे वॉरंटीचा, अजून शिल्लक आहे आणि त्याची किंमत 14 आहे. भांडण 14 चं आहे, 100 चं नाही, हे डोक्यात पक्कं असू द्या, म्हणजे त्यावर किती खर्च करायचा हेही ठरतं. अडकून पडलेल्या प्रत्येक महिन्याला तुमचे सुमारे 1.4 जातात. दोन महिने थांबलात तर जवळपास 3 गेले. त्यात तपासणी आणि कायदेशीर सल्ल्याचे 2 धरा. 5 खर्चून 14 ची शक्यता विकत घेता येते, आणि जिंकण्याची संधी निम्मी असली तरी ते परवडतं. आठ महिने चिघळवत ठेवलं तर परवडत नाही. म्हणून मुदत : साठ दिवस.

या साठ दिवसांत काय करायचं ते सविस्तर सांगतो, कारण आतापर्यंत तुम्ही बहुतेक सगळं फोनवर केलंय, आणि फोनवरच्या आश्वासनाचा पुरावा राहत नाही.

पहिल्यांदा वॉरंटीची पुस्तिका काढा आणि कंपनी ‘ऑफ-रोड’ म्हणजे काय समजते ते शब्दशः वाचा. गंमत अशी की जाहिरातीत ट्रेलर दगडधोंड्यांतून उड्या मारत जातो आणि आतल्या बारीक अक्षरांत मात्र फक्त देखभाल केलेल्या कच्च्या रस्त्याचीच मुभा असते. तुमच्या पुस्तिकेत अशी मुभा असेल आणि तुम्ही तेवढाच वापर केला असेल, तर कंपनीचं उत्तर तिथेच लंगडं पडतं. जाहिरातपत्रकाची प्रतही जपून ठेवा.

दुसरं, कारण आणि परिणाम वेगळे करा. पाणी वरच्या सांध्यातून आलं, चासीचा तडा खाली आहे. एकाच पत्रात दोन्ही ‘खडतर वापरा’च्या खात्यात टाकणं कंपनीला सोयीचं आहे, तुम्हाला नाही. पहिल्याच पावसात गळती आणि तीही डीलरने दोनदा हात लावलेल्या जागी, ही बाजू तुमची भक्कम आहे. डीलरच्या दोन्ही जॉब कार्डांवर तारखा आहेत ना? त्या तारखाच सांगतात की दोष वॉरंटीच्या सुरुवातीपासून होता आणि कंपनीला माहीत होता. तड्याची बाजू तितकी भक्कम नाही. तिथे पहिला प्रश्न येईल वजनाचा. भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या. पाण्याची 200 लिटरची टाकी भरली की 200 किलो वाढतात, वर सामान, वर तुम्ही नंतर बसवलेली बॅटरी. वजन मर्यादेत असेल तर ती पावती सोन्यासारखी. मर्यादेबाहेर असेल तर तड्याचा दावा फार ताणू नका, गळतीवर जोर द्या.

तिसरं, तपासणी अशा माणसाकडून करून घ्या ज्याला दुरुस्तीचं काम मिळणार नाही. ज्याने 14 चा अंदाज दिला त्याचाच अहवाल दिलात तर कंपनी म्हणणार, हा धंदा शोधतोय. भिंतीत ओल कुठून कुठे पसरली याची मीटरने घेतलेली मापं, फोटो आणि ‘कशामुळे’ याचं एक स्पष्ट वाक्य, एवढं अहवालात हवं. तोवर कायमची दुरुस्ती करू नका, नाहीतर पुरावाच जाईल. पण ताडपत्री टाकून आणखी पाणी मात्र रोखा. नुकसान वाढू दिलं हा आरोप ओढवून घ्यायला नको.

चौथं, ॲक्सल, फ्रिज, पंप यांच्या वॉरंट्या बहुधा त्या त्या उत्पादकाच्या असतात, ट्रेलर कंपनीच्या नव्हे. तुमच्या यादीतला फ्रिजचा दरवाजा आणि ॲक्सलचा आवाज या दोन गोष्टी तुम्ही चुकीच्या दारावर ठोठावताय. ती पत्रं थेट त्यांना लिहा. किरकोळ काम आहे, एका संध्याकाळी होईल.

मग कंपनीला एकच लेखी पत्र, पोच घेऊन. त्यात मागणी दोन पर्यायांत ठेवा : भिंत आणि चासी दुरुस्त करून द्या, किंवा रोख वाटा द्या. मला विचाराल तर रोख घ्या. ट्रेलर पुन्हा तीन महिने वर्कशॉपमध्ये पडून राहण्यापेक्षा 9 किंवा 10 हातात पडलेले बरे, कारण विकायचं ठरलंच आहे. 7 च्या खाली आले तर तुमच्या इथल्या ग्राहक तक्रारीच्या व्यवस्थेबद्दल वकिलाचा एकदा सल्ला घ्या आणि मग ठरवा. तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी तो कागदही वकिलाला दाखवा. आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत विक्री करू नका. मालकी गेली की दाव्याचा पायाच डळमळू शकतो.

डीलरने तुमच्यापुढे आणखी दोन गाजरं धरलीत. एक, 6 मध्ये वाढीव सेवा करार. त्याची अपवादांची यादी तुम्ही पाठवलीत, त्यात आधीपासूनचे दोष आणि पाण्याची गळती दोन्ही आहेत. मग उरलं काय? दुसरं, हा ट्रेलर देऊन नवा घ्या आणि कर्जातला 2 चा फरक नव्या कर्जात मिसळून टाका. हे आगीतून फुफाट्यात. आज 2 चा खड्डा दिसतोय म्हणून तो बुजवता येतो. नव्या 100 च्या कर्जाखाली गेला की दिसणारही नाही आणि त्यावर सात वर्षं व्याज चढत राहील.

विकताना 48 आले आणि कर्ज 50 असलं तर ते 2 तुमच्या आणीबाणीच्या निधीतून भरा. सहसा मी त्याला हात लावू देत नाही, पण हप्ता आणि वरखर्च मिळून महिन्याला जवळपास 1.7 वाचणार आहेत, दीड महिन्याच्या आत तो निधी पुन्हा भरेल. कर्ज मुदतीआधी फेडण्याचा दंड आहे का हे सावकाराला आधी विचारून घ्या आणि गहाण उतरवल्याचं पत्र मिळायला किती दिवस लागतात तेही. ग्राहक उभा आणि कागद नाही, अशी पाळी नको. घेणाऱ्याला गळतीबद्दल लेखी सांगा, तपासणीचा अहवालही दाखवा. वाटतं की किंमत पडेल, पण 48 मध्ये ती पडझड आधीच धरलेली आहे. लपवून 55 घेतलेत तर आज तुम्ही कंपनीशी जे भांडताय तेच उद्या कुणीतरी तुमच्याशी भांडेल.

जाता जाता, तुम्ही स्वतः बसवलेली लिथियम बॅटरी आणि सोलर पॅनेल डीलरच्या 48 मध्ये धरलेत की नाही हे पत्रात कुठेच नाही. नसतील तर ते काढून वेगळे विका किंवा पुढच्या ट्रेलरसाठी ठेवा. बॅटरी ठेवणार असाल तर अर्ध्या चार्जवर कोरड्या जागी ठेवा आणि गोठणबिंदूच्या खाली चार्ज करू नका. काढल्यावर मूळची वायरिंग होती तशी जोडून त्याचा फोटो काढून ठेवा. आणि हे सगळं कंपनीचा माणूस पाहणी करून गेल्यावरच.