स्पाइक मिलिगन: नगरचा जन्म, रेडिओचे काम आणि आजारपणाची किंमत

आपण विचारले आहे की, 'द गून शो' हा रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम लिहिणारे स्पाइक मिलिगन अहमदनगरला जन्मले होते हे खरे आहे का, आणि ब्रिटिश विनोदाच्या इतिहासात त्यांचे नाव एवढ्या आदराने का घेतले जाते. पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. होय, टेरेन्स ॲलन मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला. दुसऱ्या भागाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण त्यांच्याविषयी सर्रास सांगितले जाणारे एक मत, की हा माणूस वेडसर होता म्हणूनच असे अचाट लिहू शकला, मला मुळीच पटत नाही.

वडील लिओ मिलिगन मूळचे आयर्लंडमधल्या स्लायगोचे आणि ब्रिटिश लष्कराच्या तोफखान्यात नोकरीला होते. आई फ्लॉरेन्स इंग्रज होत्या. दोघांनाही गाण्याची आणि रंगमंचाची मनापासून आवड होती आणि छावणीतल्या करमणुकीच्या कार्यक्रमांत ते हौसेने भाग घेत. मिलिगन यांचे बालपण पुण्यात गेले. तिथल्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत ते शिकले आणि तिथल्याच नाताळच्या नाटकात निळे तोंड रंगवून विदूषक म्हणून पहिल्यांदा लोकांसमोर उभे राहिले. पुढे वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब रंगूनला गेले आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या आग्नेय भागात येऊन राहिले. पुण्याच्या उन्हात वाढलेल्या मुलाला त्या करड्या शहरात करमले नाही, आणि हिंदुस्थानातल्या त्या दिवसांची ओढ त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत दिसते. लंडनमध्ये किरकोळ नोकऱ्या करता करता ते जॅझच्या वाद्यवृंदांत ट्रम्पेट वाजवू लागले.

१९४० साली लष्करात बोलावणे आले आणि ते तोफखान्याच्या ५६व्या हेवी रेजिमेंटमध्ये दाखल झाले. ट्युनिशियात असताना त्यांच्या तुकडीची एक अवजड तोफ बार काढल्यावर मागे सरकत कड्यावरून खाली गेली. खाली एका वायरलेसच्या गाडीत हॅरी सीकम नावाचा वेल्श सैनिक बसला होता. मिलिगन यांनी गाडीत डोके घालून विचारले, "कोणी तोफ पाहिली का?" आणि सीकम यांनी उलट विचारले, "कोणत्या रंगाची?" हा किस्सा दोघेही पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

जानेवारी १९४४ मध्ये इटलीत, कॅसिनो या गावाच्या आघाडीजवळ, उखळी तोफेचा गोळा जवळ फुटून मिलिगन यांचा पाय जखमी झाला. पायाची जखम भरली, पण मनाला बसलेला धक्का गेला नाही. तोफांचा आवाज झाला की ते थरथरत आणि बोलताना अडखळत. त्यांना पुन्हा तुकडीत पाठवण्यात आले, तेव्हा वरिष्ठ अधिकाऱ्याने सहानुभूती तर दाखवली नाहीच, उलट त्यांचे लान्स बॉम्बार्डियरचे पद काढून घेतले. मिलिगन यांच्या पुढच्या आयुष्याचा विचार करताना ही घटना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हुद्द्याच्या आणि शिष्टाचाराच्या आड लपलेल्या मूर्खपणाविषयी त्यांच्या लेखनात जो राग आहे, तो याच अनुभवातून आला असावा असे मी मानतो.

युद्धानंतर लंडनमध्ये जिमी ग्राफ्टन यांच्या ग्राफ्टन आर्म्स या पबमध्ये मिलिगन, सीकम, पीटर सेलर्स आणि मायकेल बेंटाइन एकत्र जमू लागले. त्या बैठकींतून २८ मे १९५१ रोजी बीबीसी रेडिओवर 'क्रेझी पीपल' हा कार्यक्रम सुरू झाला, ज्याला पुढच्या वर्षी 'द गून शो' हे नाव मिळाले. बेंटाइन लवकरच बाहेर पडले. उरलेल्या तिघांनी तो २८ जानेवारी १९६० पर्यंत चालवला. लॅरी स्टीफन्स आणि एरिक साइक्स यांनी अधूनमधून लेखनात साथ दिली, पण मुख्य भार मिलिगन यांच्यावर होता, आणि लिहून झाल्यावर एकल्स, मिनी बॅनिस्टर, मोरियार्टी अशी पात्रे आवाज बदलून तेच वठवत.

त्यांच्या विनोदाची जात कळण्यासाठी १९५७ सालच्या एका भागातला प्रसंग पुरेसा आहे. ब्लूबॉटल हा पोरगा एकल्सला विचारतो, किती वाजले? एकल्स सांगतो की थांब, माझ्याकडे कागदावर लिहिलेले आहे. सकाळी एका भल्या माणसाला वेळ विचारली तेव्हा त्याने लिहून दिले, आठ वाजले आहेत. मग कोणी विचारले आणि तेव्हा आठ वाजलेले नसतील तर? तर मी कागद दाखवत नाही. पण आठ वाजले आहेत हे तुला कळते कसे? कागदावर लिहिलेले आहे ना! या संवादात एकही कोटी नाही. एक चुकीचे गृहीतक घेऊन त्यावर पायरीपायरीने काटेकोर तर्क रचलेला आहे, आणि रेडिओवर तो कागद दिसत नसल्यामुळे आपणही नकळत त्या तर्काच्या आत जाऊन बसतो.

ध्वनीच्या बाबतीत तर ते हट्टी होते. तोपर्यंत रेडिओनाटकात पावलांचा आवाज, दार लागल्याचा आवाज एवढेच ध्वनिपरिणाम असत. मिलिगन यांनी आवाजालाच पात्र केले. कस्टर्डने भरलेला मोजा आपटल्यावर कसा आवाज येईल हे ऐकण्यासाठी त्यांनी बीबीसीच्या कँटीनमधून कस्टर्ड मागवले, स्वतःचे मोजे काढून त्यांत भरले आणि प्लायवूडच्या फळीवर आपटले. हवा होता तसा आवाज आला नाही, म्हणून तो वापरलाही नाही. १९५८ साली स्थापन झालेल्या बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिपरिणाम तयार करणाऱ्या विभागाच्या सुरुवातीच्या कामांत मेजर ब्लडनॉक या पात्राच्या पोटातल्या गडबडीचा आवाज होता. वेडाच्या लहरीत लिहिणारा माणूस अशी पारख करत बसत नाही. ही सगळी लक्षणे मेहनती कारागिराची आहेत.

मात्र या मेहनतीची किंमत भयंकर होती. हंगाम चालू असला की दर आठवड्याला अर्ध्या तासाची संहिता द्यावी लागे, आणि १९५२ च्या अखेरीस मिलिगन कोलमडले. भाजी चिरायची सुरी घेऊन ते सेलर्स यांच्या घरी गेले आणि त्यानंतर त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. पुढे आयुष्यभर नैराश्याचे झटके येत राहिले. त्यांना द्विध्रुवी विकार, म्हणजे टोकाचा उत्साह आणि टोकाचे नैराश्य आलटून पालटून येण्याचा आजार होता. याविषयी ते उघडपणे बोलत आणि १९९३ साली मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासह त्यांनी नैराश्यावर पुस्तकही लिहिले. आजाराने त्यांना प्रतिभा दिली असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की झटका येई तेव्हा त्यांचे लेखन थांबत असे आणि संहिता दुसऱ्यांना लिहाव्या लागत.

रंगभूमीवर १९६४ साली 'ऑब्लोमोव्ह' हे रशियन कादंबरीवर आधारलेले गंभीर नाटक पडू लागले, तेव्हा त्यांनी संहिता बाजूला ठेवून रोज रात्री नवे संवाद रचायला सुरुवात केली, आणि तेच नाटक नाव बदलून लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागात गाजले. दूरचित्रवाणीवर मार्च १९६९ मध्ये आलेली त्यांची 'क्यू फाइव्ह' ही मालिका याहून मोलाची ठरली. तीत प्रहसनाला शेवट नसे. विनोद मध्येच सोडून देऊन सगळे नट "आता काय करायचे?" असे पुटपुटत कॅमेऱ्याकडे चालत येत, आणि अंगावरच्या कपड्यांना कपडेपटाच्या चिठ्ठ्या तशाच लटकत असत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माँटी पायथन या विनोदी कलावंतांच्या गटाचा कार्यक्रम सुरू झाला. आपण जे करू पाहत होतो ते मिलिगन आधीच करून बसले आहेत, हे त्यांच्यातल्या टेरी जोन्स यांनी मोकळेपणाने मान्य केले होते, आणि मिलिगन यांचे दिग्दर्शक इयन मॅकनॉटन यांनाच पायथन मंडळींनी आपल्याकडे घेतले.

भारतीय वाचकाने एक गोष्ट टाळून पुढे जाऊ नये. १९६९ च्याच 'करी अँड चिप्स' या जॉनी स्पेट यांनी लिहिलेल्या मालिकेत मिलिगन तोंडाला तपकिरी रंग फासून पाकिस्तानी कामगार झाले होते. सहा भागांनंतर ती बंद पडली. 'गून शो'मध्येही लालकाका आणि बॅनर्जी ही पात्रे त्याच हेल काढलेल्या इंग्रजीत बोलतात. ज्या माणसाच्या कानावर लहानपणी आपल्याकडच्या भाषा पडल्या, त्याने हे करावे याचे मला दुःख होते, आणि 'तेव्हा असेच चालत असे' या समर्थनाने ते कमी होत नाही.

त्यांना ब्रिटिश म्हणावे का, हाही प्रश्न आहेच. वडिलांचा जन्म आयर्लंडचा आणि स्वतःचा हिंदुस्थानातला, त्यामुळे ब्रिटिश पासपोर्ट मागितला तेव्हा राणीशी निष्ठेची शपथ घेण्यास सांगण्यात आले. ज्या देशासाठी रणांगणावर जखमी झालो त्याने ही मागणी करावी, हे त्यांना सहन झाले नाही. शपथ नाकारून १९६२ साली त्यांनी आयरिश नागरिकत्व घेतले. म्हणूनच २००१ साली मिळालेला नाइटहूडचा किताब मानद स्वरूपाचा होता. २७ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधल्या विंचेल्सी येथील त्यांच्या थडग्यावर "मी आजारी आहे हे मी तुम्हाला सांगितले होते" अशा अर्थाचे वाक्य आयरिश भाषेत कोरले आहे, कारण ते इंग्रजीत कोरायला चर्चने परवानगी दिली नव्हती.

आपल्याला त्यांचे काम अनुभवायचे असेल तर वर सांगितलेल्या कागदाच्या प्रसंगाचा भाग, 'द मिस्टीरियस पंच-अप-द-काँकर', आधी ऐकावा. त्यानंतर १९७१ पासून सात खंडांत आलेल्या युद्धाच्या आठवणी क्रमाने वाचाव्यात. त्यांच्या दुसऱ्या खंडात ट्युनिशियात मारले गेलेले लेफ्टनंट टोनी गोल्डस्मिथ यांच्याविषयीचा मजकूर आहे, आणि तिथे मिलिगन एकही विनोद करत नाहीत. 'गून शो'तले उच्चार सुरुवातीला जड जातात, पण निवडक संहितांचे पुस्तक १९७२ सालीच निघालेले आहे. ते समोर ठेवून ऐकले तर अडचण येत नाही.