वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. टोमॅटो, व्हिटॅमिन ई घेऊन मला तो टाळता येईल का?

तुमचं वय ४८, वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला, आणि टोमॅटो, व्हिटॅमिन ई सुरू करून दूध सोडावं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण माझ्याही वडिलांना हेच दुखणं होतं.

आधी कॅप्सूलचं सांगतो, कारण तिथे मी स्वतः फसलोय. वडिलांचं ऑपरेशन झालं त्या वर्षी कुणाच्या तरी सांगण्यावरून मी व्हिटॅमिन ई सुरू केलं. रात्री जेवण झालं की एक, वर्षभर. एकदा डॉक्टर पुतण्याने ती स्ट्रिप उलटीपालटी करून बघितली आणि वरच्या ४०० या आकड्यावर बोट ठेवलं. "काका, नेमका हाच डोस!"

झालं होतं असं. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना व्हिटॅमिन ई दिलं, तर त्यांच्यात प्रोस्टेटचा कॅन्सर सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला. म्हणून अमेरिकेत २००१ साली 'सिलेक्ट' नावाची चाचणी सुरू झाली. पस्तीस हजारांहून जास्त पुरुष, आणि व्हिटॅमिन ईचा रोजचा डोस ४०० युनिट. फायदा दिसेना म्हणून २००८मध्ये गोळ्या थांबवल्या. पुढे २०११मध्ये हिशेब आला तो उलटाच. सात वर्षांत तुलनेसाठी औषध नसलेली, नुसती साखरेची गोळी दिलेल्यांत हजारी ६५ जणांना कॅन्सर, तर फक्त व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत ७६ जणांना. उरलेली स्ट्रिप मी त्याच दिवशी टाकून दिली.

टोमॅटोचं एवढं काही नाही. त्यातलं लायकोपीन, म्हणजे टोमॅटोला लाल करणारं द्रव्य, शिजवून, तेलातुपाबरोबर जास्त अंगी लागतं, म्हणजे आपलं फोडणीचं सार उत्तमच. पण त्याने कॅन्सर टळतो असं सिद्ध झालेलं नाही. सार आवडतं म्हणून प्या.

दुधाबाबत, भरपूर दूध आणि कॅल्शियम घेणाऱ्यांत धोका थोडा जास्त असल्याचं काही पाहण्यांत दिसलंय, पण पक्कं कुणी सांगत नाही. चहातलं दूध, जेवणातलं ताक मी सोडलेलं नाही. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत.

पोटाचा घेर बघा. लठ्ठ माणसांत हा कॅन्सर वाढलेल्या, पसरलेल्या अवस्थेत सापडण्याचा धोका जास्त असतो. माझ्या आहारातला खरा बदल एवढाच, की रात्रीचा दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात आणि फरसाणाचा डबा बंद झाला.

आणि ताटापेक्षा तुमची वंशावळ महत्त्वाची. वडिलांना किंवा भावाला असेल तर धोका साधारण दुप्पट धरतात. त्यामुळे पीएसए तपासणी (प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय घेण्यासाठी करतात ती रक्ताची तपासणी; आकडा जास्त तर संशय जास्त) कधी आणि किती वर्षांनी करायची, हे युरॉलॉजिस्टकडे जाऊन आत्ताच ठरवा. केस गळतात म्हणून फिनास्टेराइड घेत असाल तर तेही त्यांना सांगा. त्याने पीएसएचा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो आणि रिपोर्ट उगाच चांगला दिसतो.