‘मूळ’, ‘स्वतंत्र’ आणि फॅन फिक्शन

प्रश्न असा आहे: ‘फॅन फिक्शनला मराठी शब्द कोणता? माझ्या भाचीनं हॅरी पॉटरमधल्या हर्मायनीला घेऊन चाळीस पानांची गोष्ट लिहिली आहे. एका स्पर्धेच्या अर्जात “लेखन मूळ आहे का?” असा रकाना आहे. तिथे हो लिहायचं की नाही?’

फॅन फिक्शन म्हणजे दुसऱ्याची पात्रं घेऊन चाहत्यानं लिहिलेली नवी गोष्ट. घोळ त्या रकान्यातल्या शब्दापासूनच आहे. इंग्रजीतल्या ‘ओरिजिनल’चं सरळ ‘मूळ’ केलं की फसायला होतं. आपला ‘मूळ’ मागे बोट दाखवतो: मूळ गाव, मूळ लेखक, मूळ संहिता. त्यापासून पुढे दुसरं काही निघालेलं आहे, हे त्यात धरलेलंच असतं. नव्यानं रचलेल्याला मराठी माणूस ‘स्वतंत्र’ म्हणतो. ‘नाटक स्वतंत्र आहे की रूपांतर?’ असं आपण विचारतो, ‘मूळ आहे का?’ असं नाही. शिवाय ‘अस्सल’ आहेच. तो अरबीतून आला, अर्थ पुन्हा मूळच, पण त्याचा जोडीदार ‘नक्कल’. भाचीनं कुणाचं उतरवून काढलं नसेल, तर तिची गोष्ट अस्सल आहे. मूळ अर्थातच नाही. स्वतंत्र आहे का, एवढाच वाद उरतो.

इथे ‘बेतलेलं’ हा माझा आवडता शब्द आठवतो. शिंप्यानं कापड बेतावं तसं. पुलंचं नाटक ‘ती फुलराणी’ बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर बेतलेलं, ताग्यातलं कापड शॉचं, माप आपल्या मंजुळेचं. फॅन फिक्शनमध्ये नेमकं उलटं होतं. कापड नवं, अंग दुसऱ्याचं. म्हणून तिला ‘रूपांतर’ म्हणता येत नाही, आणि ‘बेतलेली’ही नीटशी बसत नाही.

दुसऱ्याच्या लेखनात हात घालण्याचे प्रकार मात्र आपल्याला जुनेच आहेत. तुकोबांच्या काळात सालोमालो होता. त्याच्यावर तुकोबांचा अभंगच आहे: ‘म्हणती एकाचें आपुलें’. दुसऱ्याचं घेऊन आपलं नाव, म्हणजे सरळ वाङ्मयचौर्य. त्याच्या बरोबर उलट ‘क्षेपक’: रचना आपली, पण घुसडायची दुसऱ्याच्या ग्रंथात. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केल्यावर एकनाथांनी बजावलं, की तिच्यात जो आपली ओवी घालील त्यानं ‘अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली’. (नरोटी म्हणजे करवंटी. शिवी म्हणून किती घरगुती!) आणि गंमत पाहा, याच नाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरं राहिलं, तेव्हा ते शिष्य गावबानं पुरं केलं, असं परंपरा सांगते. तिथे करवंटी कुणालाच दिसली नाही.

चाहत्याची कथा या तिन्हींत बसत नाही. पात्रं दुसऱ्याची, प्रसंग आपले, नाव आपलं, आणि उसनवारी उघड कबूल.

मग शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ (१९६७) काय? खांडेकरांची ‘ययाति’ काय? पात्रं व्यासांची, प्रसंग बरेचसे लेखकांचे. ती नावं बदलून पाहा. ‘कर्ण’ काढून ‘सदाशिव’ घातलात तर कादंबरी कोसळेल, कारण वाचक घरून कर्ण घेऊन आलेला असतो. तरी तिला कुणी फॅन फिक्शन म्हणत नाही. संस्कृत परंपरेनं रामायण-महाभारताला ‘उपजीव्य’ म्हटलं: ज्यांच्यावर इतरांनी जगावं असे ग्रंथ. ती सामाईक विहीर आहे. पोहरा कुणीही सोडावा. हर्मायनीच्या विहिरीला मालकीण आहे, लेखिका जे. के. रोलिंग, आणि भारतीय कायद्यात ती मालकी लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षं चालते. म्हणजे ‘मृत्युंजय’ आणि भाचीची गोष्ट यांच्यातली रेघ बरीचशी मालकीची आहे. प्रतिभेची रेघ वेगळी, आणि ती दोन्हीकडच्या लेखनातून जाते.

नावं बदलण्याची युक्ती चालते ते उदाहरणही आहे. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ आधी ‘ट्वायलाइट’ या कादंबऱ्यांची फॅन फिक्शन म्हणून लिहिली गेली, नावं बदलून २०११ मध्ये पुस्तक झालं आणि धो धो खपलं. पुस्तक कसं आहे हा भाग वेगळा, पण नावं काढल्यावरही ते उभं राहिलं. भाचीला हाच प्रयोग करायला सांगा. हर्मायनीची ‘हेमांगी’ करून, जादूची शाळा काढून टाकून गोष्ट उभी राहते का, ते बघा. राहिली तर ती स्वतंत्र व्हायला निघालीच आहे.

शब्दाचं म्हणाल, तर ‘उपजीवी कथा’ शास्त्राला धरून आहे, पण कानाला लगेच ‘परोपजीवी’ ऐकू येतं आणि केसात उवा वळवळतात. ‘भक्तकथा’ म्हटलं तर लोक चोखोबांची समजतील. मी ‘चाहतेकथा’ म्हणतो. बोलताना ‘फॅनफिक’ही चालतं. रकान्यात मात्र हो-नाही न लिहिता, जागा असेल तर एवढंच लिहा: ‘कथा माझी, पात्रं रोलिंगबाईंची.’