शंकरपटाच्या तारखा आधी का कळत नाहीत?

तुमचा प्रश्न असा: नागपूरजवळ शंकरपट, म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत, बघायचा आहे, पण तारीख आदल्या दिवसापर्यंत कळत नाही, कळली तरी ऐनवेळी बदलते, मुंबई-पुण्याच्या घोड्यांच्या रेसला असतं तसं वेळापत्रक पटाला का नाही? घोड्यांचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो. हेच मी माझ्या साळ्याला कितीदा ऐकवलं आहे आणि दर वेळी घरची पंगत बिघडली आहे.

इंडियन डर्बी १९४३ पासूनची. महालक्ष्मीला, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, हे तिथल्या पानवाल्यालाही पाठ असतं. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात, पुण्याचा पावसाळ्यात. कोणता घोडा कितव्या शर्यतीत, पाठीवर वजन किती, जॉकी कोण, सगळं आधी छापून येतं. आमच्याकडच्या बॅनरवर आमदारापासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांचे फोटो असतात. बैल असतो एका कोपऱ्यात, तोही इंटरनेटवरून उचललेला, बहुतेक तमिळनाडूचा. तारखेच्या जागी 'लवकरच'.

विचारलं की सगळे कोर्टाकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. बैलांचे खेळ रोखणारी २०११ ची केंद्राची अधिसूचना, बंदी पक्की करणारा ७ मे २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, २०१७ ला शर्यतींसाठी राज्याने कायदा बदलला तर तो हायकोर्टात अडकला, १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवून एकदाचं मिटवलं. घोड्याला यातलं काही सोसावं लागलं नाही. त्याची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही, असं १९९६ लाच सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं होतं.

पण बंदीच्या काळात पट अजिबात झाले नाहीत असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. आमच्या भागात चोरून व्हायचे. कुठे लिहायचं नाही, फोनवर बोलायचं नाही, रात्री निरोप यायचा, 'उद्या झुंजूमुंजू झालं की पांदणीनं या.' कायदा परत आला, लपायची गरज संपली, पण आयोजकांची खोड काही गेली नाही. तारीख दाबून ठेवली की चार गावचे लोक आपल्याला फोन करतात, याची चटक त्यांना तेव्हाच लागली. हे माझं मत आहे, कुणाला राग आला तर येऊ द्या.

बाकीची कारणंही सांगून ठेवतो, कारण तुम्हाला ती ऐकवली जाणारच. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन, सगळे पोलीस बंदोबस्तात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा, भोंगे बंद. २०२२ ला लम्पी हा जनावरांचा रोग आला तेव्हा जनावरांचे बाजार, शर्यती, वाहतूक सगळ्यालाच कुलूप लागलं. २०२४ ला मार्चच्या मध्यात आचारसंहिता, आणि रामटेक, नागपूर, भंडारा-गोंदिया पहिल्याच टप्प्यात. मौदा-रामटेककडे धान निघाल्याशिवाय बांध्या मोकळ्या होत नाहीत, आणि कालव्याचं पाणी उन्हाळी धानाला सुटलं की परत गुंततात. काटोल-नरखेडकडे कापूस उभा असतो. वरून जानेवारी-फेब्रुवारीची गारपीट. पटाला धड आठवडे उरतात तरी किती? मान्य. पण अधिवेशन डिसेंबरात असतं हे काय आकाशवाणी होऊन कळतं? बोर्डाचं वेळापत्रकही कितीतरी आधी येतं. लम्पी आणि गारा सोडल्या तर यातलं एकही संकट न सांगता येत नाही.

खरी तारीख कोण ठरवतं सांगू? नाटकवाले. भंडाऱ्याच्या बाजूच्या पट्ट्यात दिवसा पट आणि रात्री नाटक असं ठरलेलं आहे. वडशाच्या नाटक कंपनीची तारीख मिळाली की पटाची ठरते. गावात घरोघरी पाहुणे येतात, सोयरिकी जमतात, पोरगी पाहायला आलेला पोरगा 'पटाले आलो होतो' म्हणून सांगतो. माझी हरकत नाही. माझंही असंच जमलं, आणि म्हणूनच तो साळा माझ्या वाट्याला आला.

हा साळा त्याच्या गावच्या पट कमिटीत आहे. गावाचं नाव घेत नाही, सासुरवाडीत पाणी बंद होईल. मी नागपूरला राहतो, मोठा भाऊ कुही तालुक्यात शेती करतो, आणि आमची एक जोडी आहे. खर्च अर्धा माझा, मेहनत सगळी त्याची. डावीकडचा बादल जरा तापट, उजवीकडचा सोन्या शहाणा. भावाने दिवाळीपासून त्यांना तयार केलं होतं. सरकी ढेप, उडीद, गूळ, कणकेचे गोळे. स्वतःच्या पोरांच्या ताटात काय आहे हे त्याला विचारून बघा, सांगता येणार नाही. साळ्याचा फोन आला, 'भाऊजी, अवंदा आमच्याकडे पट हाय, जोडी आणाच.' तेव्हा परवानगीचा अर्जही गेला नव्हता, हे मला नंतर कळलं.

पिकअपमध्ये जोडी घालून रात्रीच पोचलो. थंडी मरणाची. नोंदीची फी भरली, चिठ्ठी मिळाली, नंबर चांगला, पुढचा होता. बॅनरवर 'सकाळी ठीक ९ वाजता'. तो 'ठीक' कुणी घातला माहीत नाही. पट बघितलेल्यांना सांगायला नको, पळायच्या जोडीला सकाळी पोटभर घालत नाहीत. भावाने दोघांना हलकंच ठेवलं, अंग चोळलं, थोडं फिरवून आणलं. नऊ वाजता बैल तयार. कमिटी मंडपात सतरंज्या टाकत होती.

आधी कळलं की परवानगीचा कागद यायचा आहे. 'तोंडी झालं हाय' म्हणे. मग कागद आला तर डॉक्टर नाही. जनावरांच्या डॉक्टरच्या माथी एकाच दिवशी किती गावं असतात ते मलाही माहीत आहे, त्या माणसाला मी बोल लावत नाही. त्याला आदल्या दिवशी बोलावून तपासणी उरकता आली असती. डॉक्टर आले, तपासून गेले. उन्हं डोक्यावर आली. तरी झेंडी काही पडेना. मी साळ्याला गाठलं.

'भाऊजी, पाहुणे येऊनच राहिले. मौद्याले पोचले.'

मौद्याहून तिथवर यायला अर्धा तास पुरतो. उद्घाटनाचे पाहुणे आले तेव्हा लोकांची दुपारची जेवणं आटोपली होती. मग सत्कार, शाल, नारळ, आणि भाषण. बैल हे आपलं दैवत आहे असं त्यांनी सांगितलं. दैवत तेव्हा बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उपाशी उभं होतं.

जोड्या सुटायला लागल्या तर आमचा नंबर मागे मागे सरकू लागला. नोंद बंदच केली नव्हती. पाहुण्यांच्या गाडीमागून आलेल्या दोन जोड्या आधी सोडल्या, मग कमिटीतल्या कुणाच्या मामाची. मी चिठ्ठी दाखवली तर एक पोरगा म्हणतो, 'काका, तो नंबर सकायचा हाय.' सकाळचा नंबर! म्हणजे वेळ त्यांनी घालवायची आणि नंबर आमचा शिळा व्हायचा.

घोड्यांच्या रेसवाल्यांचं मला कौतुक नाही, तिथे पैशाचा खेळ आहे आणि तो मला कळतही नाही. पण घोडा आधी थोडा वेळ पॅडॉकमध्ये फिरतो, मग थेट गेटमध्ये जातो आणि सुटतो. तापवलेलं जनावर आठ-नऊ तास तिष्ठत ठेवायचं आणि मग त्याच्याकडून सेकंदाचा हिशेब मागायचा, ही अक्कल फक्त आमचीच.

आमची पाळी आली तेव्हा सूर्य बुडाला होता. आणि नेमका तेव्हाच जनरेटर गेला. बिघडला नाही, गेला. रात्रीच्या नाटकाच्या मंडपाला लायटिंग करायची म्हणून चार पोट्टे येऊन ट्रॉलीत घालून घेऊन गेले. सेन्सरवालं घड्याळ बंद. हातातल्या घड्याळावर मोजू म्हणाले. पळायच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंची दोरी केव्हाच सुटली होती, माणसं आत शिरलेली. धुरकऱ्याने, म्हणजे जोडी हाकणाऱ्याने, जोडी सोडली, निम्म्यात एका उत्साही इसमाने मोबाइलचा लाइट बादलच्या तोंडावर मारला आणि बादल बिथरून बाजूला फाटला. छकडी, म्हणजे जोडीमागची हलकी गाडी, तिरपी झाली, कुणाला लागलं नाही हे नशीब.

कमिटी म्हणाली, उद्या सकाळी परत सोडू. सकाळी म्हणाली, परवानगी एकाच दिवसाची होती. फी परत मागितली तर कळलं की ती 'जमा' झाली आहे. कशात, ते कुणी सांगितलं नाही.

भाऊ काही बोलला नाही, दोघांना पाणी दाखवून पिकअपमध्ये चढवलं. भांडलो मी. साळा म्हणाला, 'भाऊजी, पाहुण्यानं बक्षिसाले मोटारसायकल देल्ली. तुमच्या बैलासाठी त्याले वापस पाठवू काय?' हे वाक्य तो अजूनही प्रत्येक लग्नात मला ऐकवतो, आणि चार जण मान डोलावतात. म्हणून उत्तर इथे लिहितो: पाहुण्याला परत पाठवायला कुणी सांगितलं? त्याला फायनलला बोलवा. सकाळच्या फेऱ्यांना झेंडी गावातल्या म्हाताऱ्या धुरकऱ्याने दाखवली तर पटाची इज्जत जात नाही. मोटारसायकल संध्याकाळीच द्यायची असते ना, तर देणारा संध्याकाळी यावा. नोंद आदल्या रात्री बंद करा, चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा, यादी शाळेच्या भिंतीवर चिकटवा. जनरेटर दोन आणा. यात कोर्ट कुठे आलं?

तारखांचं म्हणाल तर गोंधळ याहून मोठा आहे. एकाच रविवारी शेजारशेजारच्या गावांत दोन पट. चांगल्या जोड्या वाटल्या जातात, दोन्हीकडे रंग नाही, आणि पुढचे दोन रविवार सगळे घरी. दिवाळीनंतर तालुक्यातल्या कमिट्यांनी एकदा बसून रविवार वाटून घेतले तर निम्मा त्रास संपेल. बसत नाहीत, कारण आधी कुणी कुणाला बोलवायचं यावर घोडं अडतं. दुसरं, प्रत्येक पटाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, म्हणजे कुठे कधी पट आहे याचे कागद सरकारकडे पडलेले असतातच. त्याचाच तक्ता करून दर आठवड्याला लावला तर तुम्हाला इथे प्रश्न विचारावा लागणार नाही.

आता थोडं दुसऱ्या बाजूनेही. नियम मोडला तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे. हे आयोजकाच्या डोक्यावर असतं, त्यामुळे कागद हातात पडेपर्यंत तारीख जाहीर करायला काही जण खरंच घाबरतात. वर्गणी कमी पडली की खिशातून घालणारेही आहेत, आणि माझा साळा त्यातलाच एक, हेही सांगायला हवं. सगळीकडे असा भोंगळ नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचं नाव पटशौकिनांत आदराने घेतात, तिथे बायकाही जोड्या हाकतात. पहिल्यांदाच बघणार असाल तर नागपूर जिल्ह्याचा हट्ट सोडा आणि तिकडचा बघा, किंवा भंडाऱ्याकडे लाखनीच्या बाजूला जा. आणि बैल पळवणंच क्रूर आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. तुतारी, म्हणजे अणकुचीदार काठी, टोचणारे हात मी बघितले आहेत. फक्त त्या दिवशी आमच्या बैलांचे हाल झाले ते पळण्याने झाले नाहीत.

जायचंच असेल तर जानेवारीतले रविवार धरा. बॅनरवर विश्वास ठेवू नका, त्या गावातल्या कुणाला तरी आदल्या रात्री फोन करून एकच विचारा: परवानगीचा कागद आला का? 'तोंडी झालं' म्हणाले तर निघू नका. पोरं सोबत असतील तर शेवटच्या रेषेपलीकडे उभं राहू नका. जोडी रेष ओलांडली म्हणून तिथे थांबत नाही, लांबवर जाते. आणि कुणी 'पाहुणे येऊनच राहिले' म्हणालं की तेवढ्यात जेवून घ्या.