मालिशवाली बाई नकोच

‘मुलगी 14 महिन्यांची आहे. मांडीचं हाड दोनदा मोडलं, दुसऱ्यांदा तर लंगोट बदलताना. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो, उंचीही कमी. डॉक्टरांनी ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार सांगितलाय. सासूबाई म्हणतात, मी ग्रहण पाळलं नाही. मालिशवाली लावली की हाडं घट्ट होतील. यांचंही लहानपणी तीनदा हाड मोडलं होतं. दुसरं मूल होऊ द्यावं का?’ — एक आई

ताई, ग्रहणाचा इथे काही संबंध नाही. हाडाला चिवटपणा येतो तो कोलॅजन या प्रथिनामुळे. ते बनवणाऱ्या जनुकात दोष असला की हाड ठिसूळ राहतं; नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी ते भरून निघत नाही. डोळ्याचं पांढरं आवरणही त्याच प्रथिनाचं. ते पातळ झालं की आतला गडद थर निळसर दिसतो.

आता मालिश. अंग चोळून हातपाय ताणणं, तिरपे ओढणं, पायाला धरून उलटं करणं, सगळं बंद. पायांवर घेऊन न्हाऊ घालणंही नको. टबात तळाला जाड टॉवेल अंथरा. तेल लावायचंच तर तळहाताने, दाब न देता.

लंगोट बदलताना घोटे धरून पाय वर उचलले की सगळा पीळ मांडीच्या हाडावर येतो. त्याऐवजी बोटं पसरून तळहात ढुंगणाखाली सरकवा आणि तेवढंच उचला. कडेवर घेण्याआधी एक हात ढुंगणाखाली, दुसरा खांद्यांखाली. काखेत धरून उचलू नका, बरगड्या मोडतात. झबलं पुढून उघडणारं, सैल घ्या. बाहीतून आधी स्वतःचा हात घालून तिचा हात हळूच बाहेर आणा.

हात किंवा पाय हलवेनाशी झाली, हात लावताच कळवळली, तर हाड मोडलंय असं धरून चाला. आहे त्या स्थितीत पुठ्ठ्याचा आधार बांधा आणि दवाखाना गाठा. निदानाची चिठ्ठी कायम पर्समध्ये ठेवा. ती नसली, की नवखा डॉक्टर मारहाणीचा संशय घेतो, आणि त्याचं चूकही म्हणता येत नाही. प्लास्टर लवकरात लवकर कधी निघेल ते विचारा, कारण हालचाल थांबली की हाड आणखी विरळ होतं.

यावर पामिड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अॅसिड हे औषध सलाइनमधून देतात. मूळ दोष जात नाही, पण हाडांची घनता वाढते. आधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासून घ्या. कमी असताना औषध दिलं तर रक्तातलं कॅल्शियम आणखी घसरतं. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होते, घाबरू नका. हाड वाकत असेल तर आत सळई घालतात. मुलीबरोबर लांब होणारी सळईही मिळते. या आजारात ऐकू कमी येऊ शकतं, म्हणून कानांची तपासणी मात्र ठरावीक काळाने करत राहा.

दुसऱ्या मुलाचं उत्तर यजमानांपाशी आहे. त्यांना खिडकीशी, दिवसाच्या उजेडात उभं करून डोळे बघा. त्यांनाही हाच आजार सौम्य स्वरूपात असेल, तर प्रत्येक गरोदरपणात धोका 50 टक्के. (हे सासूबाईंना ऐकवायचा मोह आवरा, लेकाचाही त्यात दोष नाही.) आधी मुलीच्या रक्ताची जनुकीय तपासणी, मग सापडलेला तोच बदल तुम्हा दोघांत शोधायचा. तुमचं लग्न नात्यात झालं असेल तर तेही सांगा. काही दुर्मीळ प्रकारांत दोघेही वाहक असतात, म्हणजे स्वतःला आजार नसतो पण सदोष जनुक मुलाला देऊ शकतात, आणि तिथे धोका 25 टक्के असतो. दोघांतही बदल सापडला नाही, तरी धोका अगदी शून्य धरू नका. बदल नेमका कोणता ते कळलेलं असेल, तरच साधारण 11 आठवड्यांनंतर गर्भाची तपासणी उपयोगी पडते. म्हणून दिवस राहण्याआधीच जनुकीय समुपदेशकाची वेळ घ्या, यजमानांना सोबत घेऊन.